भुवन, भूगोलाचा तास आणि पायाखालचा खडक : हैदराबादच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

शालेय भूगोलाच्या तासाला संगणक आला तो मुख्यतः उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांचा हात धरून. जून २००५ मध्ये गूगल अर्थ सर्वांसाठी खुले झाले आणि पृथ्वीचा गोल पडद्यावर फिरवून आपले गाव शोधण्याचा खेळ घराघरांत पोहोचला. त्यानंतर चार वर्षांनी, १२ ऑगस्ट २००९ रोजी, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने 'भुवन' हे आपले स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले. पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या सहकार्याने, पाठ्यपुस्तकांतील भूगोलाला जोडून 'स्कूल भुवन' हा शाळांसाठीचा विभागही त्यात आला. भुवन तयार होते हैदराबादमध्ये, बालानगर येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात. १९७४ मध्ये राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था म्हणून स्थापन झालेली ही संस्था १ सप्टेंबर २००८ पासून अंतराळ विभागात विलीन होऊन केंद्र म्हणून ओळखली जाऊ लागली.

प्रस्तुत लेखात या साधनाची चिकित्सा तांत्रिक अंगाने करावयाची नसून अध्यापनाच्या अंगाने करावयाची आहे. ज्या शहरात ही प्रणाली घडली त्याच शहरातील नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला ती आपल्या पायाखालच्या भूमीविषयी काय शिकवते, असा साधा प्रश्न येथे घेतला आहे. हैदराबाद हे या प्रश्नासाठी फार सोयीचे शहर आहे. भूभौतिकीचे राष्ट्रीय संशोधन येथे १९६१ पासून चालते, त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र २००७ पासून येथे आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची प्रशिक्षण संस्था बंडलागुडा येथे आहे आणि भारतीय सर्वेक्षण विभागाची प्रशिक्षण संस्था उप्पल येथे. इतक्या भूविषयक संस्था एका शहरात असणे विरळा. आणि हे सारे जिच्यावर उभे आहे ती ग्रॅनाइटची भूमी सुमारे २५० कोटी वर्षे जुनी आहे.

शाळेत भूशास्त्र नावाचा स्वतंत्र विषय नाही, ही अडचण आधी नोंदवली पाहिजे. खडक, भूकंप, नदीचे कार्य हे घटक सामाजिक शास्त्रांतील भूगोलात विखुरलेले असतात आणि ते शिकविणाऱ्या अध्यापकाची पदवी बहुधा इतिहासाची किंवा राज्यशास्त्राची असते. अशा अध्यापकाच्या हाती पडदा आणि उंदीर आला की त्याला हायसे वाटते. चिकित्सेची गरज नेमकी तेथेच निर्माण होते.

साधन आणि त्याची घडण

भुवनवर दिसणारे चित्र हे छायाचित्र नव्हे, हे विद्यार्थ्याला सांगितले जात नाही. भारताचा पहिला सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. त्यानंतरच्या मालिकेतील निरनिराळ्या संवेदकांची दृष्टी निरनिराळी आहे. लिस-३ या संवेदकाचा एक चौकोन जमिनीवर २३.५ मीटर बाजूचा असतो, लिस-४ चा ५.८ मीटर, तर ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ चा २.५ मीटर. लिस-३ च्या एका चौकोनात साधारण ५५० चौरस मीटर जागा मावते. म्हणजे शाळेच्या दहा-बारा वर्गखोल्या मिळून त्या चित्रातला एकच ठिपका होतो, आणि त्या ठिपक्याला एकच रंग मिळतो. खोल्यांमधील अंगण, चिंचेचे झाड, पाण्याची टाकी हे सारे त्या एका रंगात मिसळून जाते.

या चित्रांवरून तज्ज्ञांनी तयार केलेले थर भुवनवर उपलब्ध आहेत. भूमी-उपयोजनाचा थर १ : ५०,००० प्रमाणावर असून तो २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ अशा आवर्तनांत तयार झाला. भूरूपांचा थर, भूपृष्ठावरील रेषाकृतींचा थर, जमिनीच्या अवनतीचा थर असे इतरही अनेक थर आहेत. सामान्य माणसाला एकेकाळी न दिसणारी ही माहिती शाळकरी मुलापुढे विनामूल्य ठेवली गेली, हे मोठे काम आहे. १९९० च्या दशकात हेच चित्र मिळवायचे तर अर्ज, शुल्क आणि कारण द्यावे लागे. हैदराबादच्या ५६के/७ या स्थलनिर्देशक नकाशावर हात फिरवणे हे भूगोलाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचेच भाग्य असे. तेव्हा टीका करताना हा लाभ विसरून चालणार नाही.

प्रमाणाचे गणित मात्र वर्गात व्हावयास हवे. १ : ५०,००० या प्रमाणावर नकाशातील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील ५० मीटर. दहा मीटर रुंदीचा नाला त्या नकाशावर एक पंचमांश मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या टोकापेक्षा बारीक. भुवनवर बोटाने चित्र मोठे करीत गेले की थर ताणला जातो, त्यातील माहिती मात्र तेवढीच राहते. पडदा ही गोष्ट लपवतो. कागदी नकाशा ती लपवू शकत नसे, कारण कागद ताणता येत नाही.

'परस्परसंवादी' म्हणजे काय?

या साधनांच्या वर्णनात 'परस्परसंवादी' हे विशेषण हटकून येते. संवादाला दोन पक्ष लागतात. विद्यार्थी एक थर सुरू करतो, दुसरा बंद करतो, नकाशा मोठा करतो, लहान करतो. साधन त्याच्या आज्ञा पाळते. पण विद्यार्थ्याने काही चुकीचे मत बांधले तर ते चुकीचे आहे, असे साधन त्याला कधीच सांगत नाही. दिव्याचे बटण दाबले की दिवा लागतो, त्याला कोणी संवाद म्हणत नाही.

तुलनेसाठी एक वेगळे साधन पाहता येईल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस परिसरात साधारण २०१२ च्या सुमारास वाळूची एक पेटी तयार करण्यात आली. पेटीतील वाळूची उंची वरचा कॅमेरा सतत मोजतो आणि त्यानुसार वाळूवरच समोच्च रेषा व रंग प्रकाशाने उमटतात. मुलाने हाताने उभ्या उताराची टेकडी केली की रेषा जवळ येतात, तसा खड्डा केला तरी तसेच होते. 'रेषा जवळ म्हणजे उतार तीव्र' हे वाक्य पाठ करण्याची गरज उरत नाही, कारण उतार त्याने स्वतः केलेला असतो. ही पेटी महाग आहे आणि आपल्या शाळांत ती सहज येणार नाही. तथापि परातभर ओली वाळू, पट्टी आणि दोरा एवढ्या साहित्यावर तोच धडा जवळजवळ तितकाच चांगला होतो, आणि वीज गेली तरी होतो. महत्त्व यंत्राला नसून विद्यार्थ्याच्या कृतीला जमिनीकडून उत्तर मिळते की नाही, याला आहे.

इस्लामी ज्ञानपरंपरेतील एक उदाहरण येथे केवळ अभिमानासाठी नव्हे तर पद्धतीसाठी घेण्याजोगे आहे. अकराव्या शतकात अल-बिरूनीने भारतातील मैदानाविषयी एक निरीक्षण नोंदवले. डोंगराजवळ, जेथे नदीचा वेग अधिक, तेथे दगड मोठे. पुढे ते लहान व गोलसर. आणि मुखाजवळ निव्वळ वाळू. यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की हे मैदान एके काळी समुद्र असावे आणि नद्यांच्या गाळाने ते भरत आले असावे. त्याच्यापाशी उपग्रह नव्हता. दगडाचे आकारमान, नदीचा वेग आणि डोंगरापासूनचे अंतर या तीन गोष्टी त्याने एकमेकींशी ताडून पाहिल्या. भुवनच्या थरांवर बोट फिरवणाऱ्या विद्यार्थ्याकडून अशी तीन गोष्टींची सांगड घातली जाते काय, हीच या साधनाची कसोटी मानावी लागेल. साधन आपण होऊन ती घालून देत नाही. नदी, उतार आणि भूरूप हे तिन्ही थर तेथे आहेत, पण ते एकावर एक ठेवण्याचे कारण प्रश्नातून यावे लागते आणि प्रश्न वर्गातूनच येऊ शकतो.

एक रंग आणि हजार खडक

आता शहराकडे वळू. हैदराबादचे गोल, एकावर एक रचल्यासारखे दिसणारे खडक मराठी प्रवाशाला प्रथम चमत्कारिक वाटतात, कारण त्याच्या डोळ्यांना सवय असते ती बेसॉल्टच्या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांची. हे खडक कोणी आणून रचलेले नाहीत. जमिनीखाली ग्रॅनाइटला उभे-आडवे तडे गेलेले असतात. त्या तड्यांतून पाणी झिरपते. ग्रॅनाइटमधील फेल्डस्पारची हळूहळू माती होते, क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी मात्र टिकून राहते. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर पाणी दोन-तीन बाजूंनी काम करते, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि ठोकळा गोल होत जातो. वरची माती पावसाने वाहून गेली की आतले गोळे उघडे पडतात. खाजागुडा, दुर्गम चेरुवूचा परिसर, हैदराबाद विद्यापीठातील छत्रीच्या आकाराचा खडक, हुसेनशाह वली यांच्या दर्ग्याजवळचा खडकसमूह ही सारी याच क्रियेची उदाहरणे. मौला अलीच्या टेकडीवर याच ग्रॅनाइटचा दुसरा प्रकार दिसतो. तेथे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे खडकाचे थर सुटत गेले आहेत. चारमिनार १५९१ मध्ये बांधला गेला तो याच दगडाने आणि चुन्याने. मक्का मशिदीचे थोरले दगडही याच भूमीतले.

हे सारे भुवनच्या भूरूप-थरावर शोधू गेल्यास काय आढळते? शहराचा बहुतांश भाग एका रंगाखाली जातो. त्या रंगाचा अर्थ, सोप्या शब्दांत, झीज होऊन सपाट होत गेलेला प्रदेश. शास्त्रदृष्ट्या यात चूक काहीच नाही. १ : ५०,००० च्या नकाशात प्रत्येक खडकाला जागा नसते. परंतु खाजागुड्याच्या खडकांत उभ्या असलेल्या मुलाला हा थर 'येथे सपाट प्रदेश आहे' असे सांगतो आणि मूल आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याऐवजी पडद्यावर ठेवते. हा धोका काल्पनिक नाही. छापील वा पडद्यावरील मजकुराला प्रमाण मानण्याची सवय आपल्या शाळांनीच मुलांना लावलेली आहे.

याच ठिकाणी अध्यापकाला सर्वांत चांगला धडा सापडू शकतो. नकाशा आणि जागा यांचे का जुळत नाही? प्रमाणामुळे, तारखेमुळे की वर्गीकरणामुळे? तारखेचा मुद्दा हैदराबादमध्ये विशेष तीव्र आहे. गच्चीबावली आणि नानकरामगुडा या बाजूला गेल्या दोन-अडीच दशकांत जे बांधकाम झाले त्यात कित्येक खडक सुरुंगाने फोडले गेले. २००५-०६ च्या थरातील जमीन आणि आजची जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गूगल अर्थच्या संगणकावरील आवृत्तीत जुन्या तारखांची चित्रे मागे-पुढे सरकवून पाहण्याची सोय आहे आणि तिची पूर्वी सशुल्क असलेली आवृत्तीही २०१५ पासून विनामूल्य आहे. या कामासाठी ती भुवनपेक्षा उजवी ठरते, हे मान्य केले पाहिजे. देशी साधन म्हणून त्याची बाजू घेण्याचे काही कारण नाही.

शहरात १९९६ पासून 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' ही संस्था खडक वाचवण्यासाठी काम करीत आहे. नागरिकांना घेऊन खडकांतून पायी हिंडणे हा तिच्या कामाचा नियमित भाग. तिच्यासारख्या प्रयत्नांमुळेच काही खडकसमूहांना वारसा-यादीत स्थान मिळाले. या भ्रमंतीत जे शिकायला मिळते त्याला पडदा पर्याय होऊ शकत नाही. पण भ्रमंतीहून परत आलेल्या मुलाला आपण चाललेली वाट नकाशावर आखायची असेल, दोन खडकसमूहांतील अंतर मोजायचे असेल, काढलेली छायाचित्रे त्या त्या जागी ठेवायची असतील तर भुवनवरील रेखाटनाची व मोजमापाची साधने उपयोगी पडतात. वापराचा क्रम उलटा केला की साधनाची किंमत वाढते. आधी पाय, मग पडदा.

वरून न दिसणारे

उपग्रहाला भूपृष्ठ दिसते. भूशास्त्राचा अर्धाअधिक विषय पृष्ठाखाली असतो. या मर्यादेचे सर्वांत कठोर उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ६.२ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, येथे मोठा भूकंप संभवत नाही, असा त्या वेळी सर्वसाधारण समज होता. नंतर किल्लारी येथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात वरचे सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट निघाले, त्याखाली काही मीटर जुना गाळ आणि त्याखाली पायाभूत प्राचीन खडक. हा प्राचीन पायाच हैदराबादला उघड्यावर आलेला आहे आणि मराठवाड्यात काळ्या दगडाच्या पांघरुणाखाली झाकला गेला आहे.

भुवनवर किल्लारीचे चित्र उघडले तर काळी जमीन, तेरणेचे पात्र, शेते आणि पुनर्वसित गावांच्या आखीव गल्ल्या दिसतील. ३३८ मीटर दिसणार नाहीत. शालेय डिजिटल साधनांत छेद दाखवणारी, म्हणजे जमीन सुरीने कापून आत पाहिल्यासारखी चित्रे असतात, पण ती बहुधा कोठल्यातरी आदर्श पृथ्वीची असतात. आपल्याच तालुक्याचा छेद विद्यार्थ्याला कोठेही पाहायला मिळत नाही. विहिरी खोदणाऱ्या आणि कूपनलिका मारणाऱ्या गावकऱ्यांकडे ही माहिती असते. किती फुटांवर मुरूम लागला, किती फुटांवर काळा पत्थर, कोठे पाणी. दहा विहिरींची अशी नोंद करून एका रेषेवर मांडली तर वर्गाला आपला स्वतःचा छेद मिळतो. हे काम संगणकावर केले तर उत्तमच, आलेखाच्या कागदावर केले तरी काही बिघडत नाही.

मूसी आणि आठ मीटर

हैदराबादच्या मुस्लिम समाजाच्या स्मृतीत २८ सप्टेंबर १९०८ चा मूसीचा पूर अजून जिवंत आहे. अफजलगंजच्या बाजूला उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडाने दीडशेच्या आसपास लोकांना वाचवल्याचे सांगितले जाते. रुबाईकार अमजद हैदराबादी यांनी त्या पुरात आई, पत्नी आणि मुलगी गमावली. त्यानंतर विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले आणि १९२० मध्ये उस्मानसागर, १९२७ मध्ये हिमायतसागर ही धरणे पूर्ण झाली. शतकाहून अधिक काळाने, ऑक्टोबर २०२० मध्ये, अतिवृष्टीने शहर पुन्हा बुडाले. या वेळी जुन्या शहराच्या दक्षिणेकडील तलाव फुटले. हाफिज बाबानगर, अल जुबैल कॉलनी यांसारख्या वस्त्यांत घरांत पाणी शिरले. मोठ्या संख्येने मुस्लिम कुटुंबे राहतात अशा या वस्त्या आहेत आणि येथील मुले भूगोलात 'पूर ही नैसर्गिक आपत्ती आहे' असे वाक्य लिहून गुण मिळवतात.

साधनाकडून येथे खरी अपेक्षा करता येते. तलाव कोठे, नाला कोठे, वस्ती कोठे, उतार कोणत्या बाजूला, हे चारही प्रश्न नकाशाचे आहेत. कार्टोसॅट-१ च्या जोडचित्रांवरून तयार केलेले उंचीचे प्रतिमान भुवनवर विनामूल्य मिळते. मात्र त्याचा एक चौकोन साधारण ३० मीटर बाजूचा, म्हणजे ९०० चौरस मीटरना उंचीचा एकच आकडा. शिवाय त्या आकड्याची उभी अचूकता सुमारे आठ मीटर सांगितली जाते. घरात कमरेइतके पाणी शिरले की संसार मोडतो, आणि कंबर एक मीटरवर असते. आठ मीटरच्या चुकीत ती कंबर आठ वेळा बुडते. त्यामुळे 'माझे घर बुडेल की नाही' हा प्रश्न या साधनाला विचारता येत नाही. 'पाणी कोणत्या बाजूने येईल' हा विचारता येतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा बरोबर येते. या दोन प्रश्नांतील भेद ओळखता येणे, म्हणजेच मोजमापाच्या चुकीचा अर्थ कळणे, हे शालेय विज्ञानाचे एक मोठे प्रयोजन आहे. भुवनवर उंचीच्या आकड्यापाशी टेकवलेल्या बाणाला हा आठ मीटरचा इशारा लागून येत नाही. आकडा एकटाच येतो, निःशंक.

नाल्याचे काम वर्गालाच करावे लागेल. वस्तीतील वयस्क माणसांना विचारून जुना तलाव कोठवर होता ते पाहणे, २०२० चे पाणी भिंतीवर कोठवर आले होते याची खूण टेपने मोजणे, ते बिंदू नकाशावर ठेवणे. मुलांनी मोजलेली ही उंची सेंटिमीटरमध्ये असते. त्या बाबतीत ती अवकाशातून आलेल्या आकड्यापेक्षा अधिक विश्वसनीय आहे, हे त्यांना सांगायला हरकत नाही.

भाषेचा प्रश्न

भुवन आरंभीच्या काळात इंग्रजीखेरीज हिंदी, तेलुगू व तमिळ या भाषांत उपलब्ध होते. त्यात उर्दू नव्हती, मराठीही नव्हती. ज्या शहरात १९१७ मध्ये भाषांतर विभाग, म्हणजे दारुल तर्जुमा, स्थापून १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून दिले, त्या शहरात घडलेल्या प्रणालीत उर्दूचा विचार आरंभी झाला नाही ही खेदाची बाब आहे. उर्दूत भूशास्त्राला अर्जियात, भूगोलाला जुगराफिया, अक्षांशाला अर्जुल-बलद आणि रेखांशाला तूलुल-बलद असे शब्द रुळलेले आहेत. ग्रॅनाइटला संगे-खारा म्हणतात. आठवीपर्यंत हे शब्द शिकलेला विद्यार्थी इंग्रजी थर-सूचीसमोर बसतो तेव्हा त्याला भूगोल येत नाही असे दिसते. प्रत्यक्षात त्याला सूची वाचता येत नसते.

महाराष्ट्रात बालभारतीची पाठ्यपुस्तके उर्दू माध्यमातही निघतात, आणि या वर्गांतून पुढे महाविद्यालयात येणारे विद्यार्थी समाजाच्या शिक्षणसंस्थांत बहुसंख्य असतात. त्यांच्यासाठी तीस-चाळीस संज्ञांची उर्दू-मराठी-इंग्रजी सूची एका पानावर करून संगणक कक्षाच्या भिंतीवर लावणे हे कोणत्याही नव्या उपकरणाआधीचे काम आहे. त्यात आणखी एक रकाना स्थानिक शब्दांचा असावा. हैदराबादच्या नकाशावर चेरुवू, कुंटा, गुट्टा हे तेलुगू शब्द जागोजागी आहेत. चेरुवू म्हणजे तलाव, कुंटा म्हणजे तळे, गुट्टा म्हणजे टेकडी. आज एखाद्या वसाहतीच्या नावात कुंटा असेल आणि पाणी कोठे दिसत नसेल, तर ते नावच जुना नकाशा होय. कोणताही उपग्रह ते वाचत नाही.

अध्यापनातील उपयोजन

राष्ट्रीय परिषदेच्या अकरावीच्या भूगोल प्रात्यक्षिक पुस्तकाच्या २००६ च्या आवृत्तीत स्थलनिर्देशक नकाशा, हवाई छायाचित्र आणि सुदूर संवेदन अशी तिन्ही प्रकरणे होती. ती एकापाठोपाठ एक शिकवली जात आणि त्यांची एकाच जागेवर गाठ पडत नसे. भुवन, स्थलनिर्देशक नकाशा आणि मौला अलीच्या पायऱ्या यांना एका दिवसात आणणे अवघड नाही. एकच संगणक असलेल्या शाळेतही पडद्यावरील भागाचे चार छापील कागद काढून चार गटांना देता येतात. प्रत्येक गटाने टेकडीवर जाऊन कागदावर जेथे नकाशा आणि जागा जुळत नाही तेथे खूण करावी आणि कारण लिहावे. कारण चुकले तरी चालेल, खूण मात्र त्या जागी उभे राहूनच केलेली असावी. गुण द्यायचे तर या खुणांना द्यावेत. थराचे नाव अचूक सांगण्याला गुण दिले की मुले थरांची नावे पाठ करतील, आणि ते पाठांतर पुस्तकातूनही होते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या सहली हैदराबादला जातात त्या सालारजंग संग्रहालय आणि चारमिनारसाठी. सोलापूरहून निघालेली गाडी मात्र कोणत्याही संग्रहालयापेक्षा मोठा छेद दाखवीत जाते. कलबुर्गीपर्यंत बेसॉल्ट, वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. शहाबादला तो संपतो आणि चुनखडक लागतो. मराठी घरांतील शहाबादी फरशी ती हीच. रुळांच्या दोन्ही बाजूंना तिच्या पातळ लाद्यांच्या खाणी आणि चट्टे दिसतात. वाडी, चित्तापूर, सेडम करीत तांदूरपर्यंत हाच दगड सोबत करतो. विकाराबादजवळ अनंतगिरीच्या टेकड्यांत पुन्हा काळा पत्थर आणि त्याच्या माथ्यावर जांभा. मूसीचा उगम येथलाच. मग उतार लागतो आणि बेसॉल्टखालून २५० कोटी वर्षांचा ग्रॅनाइट वर येतो. विद्यार्थ्यांनी आदल्या दिवशी भुवनवर लोहमार्गालगतचे थर पाहून कोणत्या स्थानकानंतर दगड बदलेल याचा अंदाज वहीत लिहून ठेवावा आणि गाडीत खिडकीशी बसून तो तपासावा. शंकरपल्ली जवळ आली की पहिले गोल खडक दिसू लागतात. तेथून लिंगमपल्लीपर्यंत अंदाज आणि खिडकी ताडून पाहायला पुरेसा वेळ मिळतो, गाडी एक्स्प्रेस असली तरी.